भुईलगतचा वारा

पालघरहून जवळच्या माहीम गावाला जाणाऱ्या रस्त्याला राऊतांची वाडी होती, आणि त्या वाडीतल्या केळी पिकवायच्या खोलीवर जयवंतीचं राज्य होतं. राज्य केवढं, तर बारा हात लांब, आठ हात रुंद आणि जमिनीच्या तीन पायऱ्या खाली. खिडकी नाही, झरोका नाही, एक बुटकं दार तेवढं. पण राज्य ते राज्य. घरातल्या थोरल्या पुरुषांनासुद्धा तिला विचारल्याशिवाय त्या दाराला हात लावायची सोय नव्हती.

जयवंती मूळची एडवणची. सोळाव्या वर्षी राऊतांकडे आली आणि सव्विसाव्या वर्षी विधवा झाली. मूलबाळ नव्हतं. अशा बाईचं घरात काय स्थान असतं हे कुणी तिला सांगायला नको होतं. सासूनं मरण्याआधी केळी पिकवायची विद्या तिच्या हाती दिली होती, त्या विद्येवर ती उभी होती. हिरवे घड आत रचायचे, वर केळीची पानं पसरायची, मडक्यात पेंढ्याचा धूर करून ठेवायचा, दार लावायचं आणि चिखल-शेणानं फट न् फट लिंपायची. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती दाराशी नाक नेऊन उभी राहायची आणि सांगायची, "उद्या सकाळी उघडा." आणि उद्या सकाळीच उघडावं लागायचं, दुपारी नाही.

मग मुंबईचे व्यापारी हिरवीच केळी वॅगनीत भरून न्यायला लागले. पिकवायचं काम ते तिकडंच करून घेत. चौसष्ट साली खोली रिकामी झाली. जयवंतीला कुणी एका शब्दानं बोललं नाही, ताटात काही कमी पडलं नाही. पण पूर्वी जेवायला बसताना "वहिनी, खोली कधी उघडायची?" असं कुणीतरी विचारायचं, ते बंद झालं. तिला फार लागलं ते. विचारायचं कुणाला आणि सांगायचं कुणाला, म्हणून ती रिकामी खोलीच सारवत बसायची.

धाकटा दीर कृष्णकांत मॅट्रिक झालेला, उलाढाल्या. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं, बोईसर स्टेशनात पाय ठेवायला जागा उरली नाही, घाटावरची, उत्तरेकडची हजारो माणसं छावणीत येऊन राहिली. कृष्णकांतनं विचार केला की भाषा सतरा असल्या तरी तहान एकच. सहासष्ट सालच्या माघात त्यानं सोड्याचं जुनं मशीन आणलं, गोळीच्या बाटल्या आणल्या आणि वाडीतच सोडा-लेमनचा कारखाना काढला. सोड्यात भरायचा गॅस लोखंडी सिलिंडरांतून मुंबईहून पालघर स्टेशनात यायचा, आणि तिथून महादू तो बैलगाडीनं वाडीवर आणायचा.

महादू मनोरकडच्या डोंगरपट्टीचा. आठ वर्षं राऊतांची बैलं त्याच्या हाती होती. बोलायला कमी, कामाला पक्का, आणि जयवंतीला "काकी" म्हणत तिच्याकडून रोज सकाळी चहा हक्कानं घेणारा.

पहिल्या खेपेबरोबर डेपोचा एक कागद आला होता. कृष्णकांतनं ओटीवर बसून तो मोठ्यानं वाचून दाखवला. सिलिंडर उन्हात ठेवू नये, आगीजवळ ठेवू नये, थंड, कोरड्या, हवेशीर जागी उभे ठेवावे. बाकीचे शब्द वाऱ्यावर गेले. चैत्र तोंडावर आला होता, आणि उन्हात सिलिंडर फुटला तर काय होईल या एकाच धास्तीनं सगळ्यांना घेरलं होतं. जयवंती आतून म्हणाली की सगळ्या वाडीत माझ्या खोलीइतकी थंड जागा दुसरी दाखवा. कुणाला दाखवता आली नाही. कृष्णकांतनं कागदाची घडी घातली आणि दोन वर्षांनी विचारलं, "वहिनी, खोली कधी उघडायची?"

तिनं काय थाटानं ती खोली लावली! सिलिंडर उभे ठेवले तर धक्क्यानं पडतील म्हणून केळीच्या घडांसारखे आडवे, एकावर एक रचले. वर ओली पानं पसरली. उन्हाची झळ आत येऊ नये म्हणून दाराच्या फटी जुन्या सवयीनं लिंपल्या. ज्या घरात पिढ्यान् पिढ्या जपायची वस्तू म्हणजे कोंडायची वस्तू होती, त्या घरात याहून निराळं काही कुणाला सुचणारही नव्हतं. केळ्यांच्या वेळी दार उघडलं की धूर निघून जाईपर्यंत घटकाभर बाहेर थांबायचं, हेही तिला पाठ होतं. पण इथं धूर नव्हता, वास नव्हता, मग थांबायचं कशासाठी?

चैत्रात एकदा स्टेशनावरून येताना गाडीचं चाक खड्ड्यात गेलं आणि एक सिलिंडर उलटा, तोंडावर आपटला. त्याच्या गॅस सोडायच्या चावीवर बसवायची लोखंडी टोपी आधीच कुठंतरी हरवली होती. महादूनं सिलिंडर उचलून ठेवला. खोक पडली नव्हती, कुणाला काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी जयवंतीला त्या चावीभोवती पांढरं हिव साचलेलं दिसलं. चैत्राच्या उन्हात बर्फ! तिला इतका आनंद झाला की तिनं बोट लावून पाहिलं. आपल्या खोलीच्या थंडाव्याची ही पावतीच, असं ती समजली. चावी झिरपते आहे, बाहेर पडणारा गॅस ते हिव धरतो आहे, हे सांगणारं जवळ कुणी नव्हतं. तिनं दार लावलं आणि फटी अधिकच निगुतीनं लिंपल्या. मशीन दुरुस्तीला गेलं होतं, म्हणून तीन दिवस खोली उघडायचं कारण पडलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मशीन परत आलं. महादू कंदील घेऊन खोलीत उतरला, जयवंती दारात उभी राहिली. शेवटच्या पायरीवर कंदील विझला. महादू म्हणाला, वात गेली वाटतं काकी, आणि अंधारात चाचपत पुढं झाला. मग कुणी धपकन बसावं तसा आवाज आला.

जयवंतीनं हाक मारली. पुन्हा मारली. आपली थट्टा करतो की काय म्हणून ती दोन पायऱ्या उतरली, आणि सोड्याचा ढेकर नाकात चढावा तशी झणझण तिच्या नाकात गेली. कानशिलं ठणकायला लागली, छाती भात्यासारखी हलू लागली आणि तरी श्वास पुरेना. तेवढ्यात तिला एडवणची विहीर आठवली. गाळ काढायला उतरण्याआधी तिचे वडील दोरीला दिवा बांधून खाली सोडायचे, आणि दिवा विझला तर त्या दिवशी विहिरीत कुणी उतरायचं नाही. पण ही विहीर थोडीच होती, ही तर तिची खोली. ती भिंत धरधरून वर आली.

हाक ऐकून कृष्णकांत धावत आला आणि तसाच आत घुसायला निघाला. जयवंतीनं त्याचा सदरा मागून धरला. टरकन फाटला, तरी सोडला नाही.

"उतरलास तर दोघांना काढावं लागेल," ती म्हणाली. "खाली वाईट हवा आहे. ती खालीच बसते. मागची भिंत फोड. पार बुडाशी फोड."

खोलीच्या मागं पाण्याच्या पाटाची खोल चर होती. तिकडून पाहिलं तर खोलीची भुई चरीच्या तळापेक्षा उंच. भिंत कुडाची होती, कारवीच्या काठ्यांवर मातीचे थर. ते थर वर्षानुवर्षं जयवंतीनंच चढवले होते. आता तिनंच कुदळ उचलली. दोघांनी मिळून भुईलगत घाव घालायला सुरुवात केली. थर पडले, कारवी मोडली, आणि गुडघ्याएवढं भगदाड पडलं. दोघं बाजूला सरले. डोळ्यांना काही दिसलं नाही, पायांना तेवढी गार झुळूक लागली. मग कृष्णकांतनं छातीभर श्वास घेऊन कोंडला, आत हात घातला आणि महादूच्या पायाला धरून त्याला ओढून बाहेर काढलं.

तो सिलिंडरांच्या राशीवर आडवा पडला होता. भुईपेक्षा हातभर उंच, म्हणून वाचला. ओठ निळे पडले होते. मोकळ्या वाऱ्यात त्याला कुशीवर निजवलं, आणि किती वेळानं कोण जाणे, पण त्यानं घर्रकन श्वास ओढला. जयवंतीला आयुष्यात इतका गोड आवाज ऐकल्याचं आठवत नव्हतं. त्याच्याच बैलगाडीत घालून त्याला पालघरला दवाखान्यात नेलं. दोन दिवसांनी तो चालत बाहेर आला, पाय मात्र लटपटत होते. बायडी, त्याची बायको, त्याला घेऊन पाड्यावर गेली.

आता खरी गोष्ट सुरू होते. कारण माणूस वाचला की लोकांना बोलायला उसंत मिळते. वाड्यांमधून बोलवा उठली की राऊतांच्या बंद खोलीत काहीतरी बसलंय, त्यानंच कंदील फुंकला. एक कोंबडं द्या, नारळ द्या, दार कायमचं चिणून टाका. कृष्णकांतलाही ते पटल्यासारखं झालं. खरं तर पटलं नव्हतं, सोयीचं वाटलं. भुताच्या माथी मारलं की घरातल्या कुणाच्या माथी येत नाही. त्यानं तसं वहिनीला हळूच सुचवलंही.

जयवंतीला मोह झाला नाही असं नाही. एका कोंबड्यात तिची सुटका होती. पण बायडीनं दवाखान्याच्या पायरीवर तिच्याकडं जे पाहिलं होतं, ते कोंबड्यानं फिटणारं नव्हतं. ती म्हणाली, "भूत नव्हतं, भावजी. जे होतं ते मीच आत कोंडलं. भूत म्हटलं तर उद्या दुसरीकडं पुन्हा कोंडाल."

आठवड्यानं छावणीतून भगवंत आला. तो नगरकडचा, एका ठेकेदाराच्या सिलिंडरांच्या कोठीवर मुकादम. सोडा का थांबला हे विचारायला आला होता. जयवंतीनं त्याला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. भगवंत खोलीभोवती फिरला, भगदाडातून डोकावला आणि डोकं खाजवत बसला. असली वाईट जागा शोधून काढायची म्हटली असती तरी सापडली नसती, असं तो म्हणाला. मग त्यानं तिला समजावलं, आणि ते बोलणं ती जन्मभर शब्द न् शब्द सांगायची.

"बाई, ह्यो गॅस पान्यावानी हाय. दिसत न्हाई एवढाच फरक. खड्डा घावला की बसतो, उतार घावला की जातो. त्याला दार वरून न्हाई, खालून लागतं."

तिनं तिथल्या तिथं विचारलं की हे सगळं मला शिकवाल का. भगवंतनं तिच्याकडं जरा नवलानं पाहिलं. छावणीत त्यानं पन्नास गड्यांना शिकवलं होतं, पण आपणहून विचारणारं एकही भेटलं नव्हतं. पुढचे चार रविवार तो वाडीवर आला, सोडा फुकट प्याला आणि शिकवून गेला.

कृष्णकांतचा मशीन विकायचा बेत होता. जयवंतीनं त्याच्याकडून एक पावसाळा मागून घेतला. जुनी खोली तिनं पाडायला लावली. वाडीतल्या सगळ्यात उंच जागी, आंब्याच्या सावलीत जोतं घातलं, वर कौलं चढवली आणि भिंतींच्या जागी खांबांना बांबूचे कूड बांधले. हे कूड भुईपासून वीतभर वर थांबवायचे असं तिनं सांगितलं तेव्हा गवंडी हसायला लागला. बाई, भिंती काय अधांतरी ठेवायच्या? खालून कुत्री शिरतील. ती म्हणाली शिरू देत, कुत्रं शिरलं तर हाकलता येतं. गवंड्याला ते कळलं नाही, पण त्यानं कूड वीतभर वरच बांधले.

सिलिंडर आता उभे राहिले, बैलांच्या साखळीनं खांबाला कंबरेत बांधलेले. भरलेले एका बाजूला, रिकामे दुसऱ्या बाजूला, रिकाम्यांवर खडूची फुली. टोपी नसलेला सिलिंडर ती गाडीवरून उतरवूनच घ्यायची नाही, स्टेशनात परत धाडायची. रोज सकाळी वाटीत रिठ्याचा फेस करून ती प्रत्येक चावीला काथ्याच्या कुंचल्यानं लावायची आणि बुडबुडा येतो का ते पाहत बसायची. एका नव्या गाडीवाल्यानं सिलिंडर पायानं लोळवत आणला, तर तिनं त्याला चहा पाजला आणि निरोप दिला. दसऱ्याला पोरांनी हौसेनं चावीवर नारळ फोडायला घेतला, तेव्हा मात्र तिचा आवाज माहीमपर्यंत गेला असेल. नारळ फोडला, पण जोत्याच्या दगडावर. पुढं बोईसरचे दुकानदार आपले सिलिंडर कसे ठेवायचे ते विचारायला राऊतांच्या काकींकडे येऊ लागले, आणि तिकडं तारापूरला वीज सुरू झाली तरी ते येणं थांबलं नाही.

पण दुकानदार आले ते मागाहून. त्या दसऱ्यापर्यंत महादू आला नव्हता. दुसरा गडी ठेवू, असं कृष्णकांत म्हणायचा आणि जयवंती ऐकून घ्यायची. कोठी तिनं बांधली होती खरी, पण आत पाऊल टाकताना ती अजून थबकायची. ज्या माणसाला आपण मारायला निघालो होतो, तो इथं पुन्हा उभा राहिल्याशिवाय ही जागा चांगली झाली असं तिला म्हणवत नव्हतं.

दसऱ्यानंतर ती पाड्यावर गेली. मनोरच्या रस्त्यानं गाडी आणि पुढं पायवाट. महादू बरा दिसत होता, नाचणी झोडत होता. त्याला यायचं होतं, ते त्याच्या तोंडावरच दिसत होतं. पण बायडी मध्ये उभी राहिली. तिनं काकींना पाणी दिलं, बसायला फळी दिली, आणि मग सरळ विचारलं.

"माज्या माणसानं भोगलं. तुमी काय भोगलं, काकी?"

रात्र रात्र जागते असं जयवंतीला सांगता आलं असतं, पण जिचा माणूस निळा पडला तिला आपली जागरणं कसली सांगायची? तिनं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला आणि इतकंच म्हटलं की जागा नवी केली आहे. तू ये, तुझ्या डोळ्यांनी बघ. तुला पसंत पडली नाही तर मी पुन्हा तोंड दाखवायची नाही.

बायडी चार दिवसांनी आली. तीन कोस चालत, महादूला बरोबर घेऊन, कमरेला तुरीच्या शेंगांचं गाठोडं. महादूला तिनं आंब्याखाली उभं केलं आणि आपण एकटी कोठीपाशी आली. जयवंती तिला साखळ्या दाखवू लागली, टोप्या दाखवू लागली, फेसाची वाटी पुढं केली. बायडीनं त्यातलं काही पाहिलं नाही. तिनं एवढंच विचारलं की तो गॅस बसतो कुठं. भुईलगत, जयवंती म्हणाली.

"मंग मी भुईवरच बसते," बायडी म्हणाली.

ती दोन सिलिंडरांच्या मधोमध, खाली, मांडी घालून बसली आणि गाठोडं सोडून शेंगा सोलायला लागली. सकाळीच जयवंतीनं प्रत्येक चावी दोन-दोनदा तपासली होती. चारी बाजूंनी वारा येत होता, भगवंतनं जोत्यावर हात ठेवून जागा चोख असल्याचं सांगितलं होतं. हे सगळं ठाऊक असूनही बायडीला उठवायला ती पुढं झाली, आणि थांबली. मग तीही आत गेली आणि बायडीच्या समोर, तिच्याइतकीच खाली बसली, आणि शेंगा सोलू लागली. बाहेर मशीनचा खडखडाट चालला होता, बाटल्या भरल्या जात होत्या.

ऊन डोक्यावर आलं. शेंगा संपल्या. तीन कोस चाललेली बायडी, तिनं पदर डोक्याखाली घेतला आणि तिथंच आडवी झाली, गाल थेट सारवलेल्या भुईला लावून. थोड्या वेळानं तिचे डोळे मिटले. कुडाच्या खालून वारा शिरत होता आणि तिच्या कपाळावरचे केस हलवत होता. जयवंती तिच्या छातीकडं बघत बसली. वर, खाली. वर, खाली. किती वेळ बघितलं ते तिला कळलं नाही. गालावरून पाणी वाहून हनुवटीवरून मांडीवर पडत होतं, ते तिनं पुसलंही नाही.

बायडी जागी झाली तेव्हा उन्हं कलली होती. तिनं आधी जयवंतीच्या तोंडाकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग उठून बसली आणि आपल्या जागची भुई हातानं झाडली.

"तुमी बी जरा टेका, काकी," ती म्हणाली, आणि आंब्याखाली उभ्या असलेल्या महादूला तिनं हाक मारली, "आत ये."